क्वाकूचं माप

पारामारिबो शहराच्या चौकात गुलामीची साखळी तोडलेल्या क्वाकूचा पुतळा उभा राहिला, त्याच वर्षी हेंड्रिनाचं अर्नोशी लग्न झालं. गुलामी सुटल्याच्या सणाला, एक जुलैला, पुतळ्याला पांगी, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं चौकड्यांचं वस्त्र, नेसवायची असते. आमच्या गल्लीची पांगी हेंड्रिना शिवायची. माप मात्र अर्नोचं. बंदरावर पोती उचलून मस्त भरलेला गडी होता तो. त्याच्या छातीभोवती कापडाचे दोन वेढे घेतले की क्वाकूला बरोबर यायचं. वेढे घेताना त्याला गुदगुल्या व्हायच्या, मग ती दटावायची, मग दोघंही हसत सुटायची. काय दिवस होते!

पुढं अर्नो थकला, बरगड्या दिसू लागल्या. हेंड्रिना तरी त्याच्यावरच माप घेई. साहजिकच क्वाकूची पांगीही दरवर्षी तोकडी होत चालली.

"कापड आटलं मेलं," ती म्हणायची.

शेजारचा एडगर बसड्रायव्हर. शिडीवर चढून पांगी बांधायचं काम त्याचं. "मावशी, अजून पाणीसुद्धा लागलं नाही त्याला, आटेल कसं?" असं चिडवायचा, आणि मुकाट्यानं दोरीचा तुकडा जोडून गाठ मारायचा. खरं काय ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

यंदा पावसाळा लागताच, एप्रिलअखेर, अर्नो गेला. जून संपत आला तरी कापडाला कात्री लागेना.

"मी टेप घेऊन चढतो वर," एडगर म्हणाला. "पुतळा काय पळून जातोय?"

"खबरदार!" हेंड्रिना कडाडली. "टेपनं मोजायला तो काय गुलामांच्या लिलावात उभा आहे? माणसाचं माप माणसावरच घ्यायचं."

"मग ये, माझ्यावर घे."

"तुझं पोट बघ आधी!"

एडगर गेल्यावर ती कापडापुढं बसून पोटभर रडली. मग उठली आणि दोन्ही हात पुढं करून रिकाम्या हवेला मिठी मारली. लग्नाच्या वर्षी तिचे हात अर्नोच्या पाठीमागं जुळायचे नाहीत, वीतभर अंतर राहायचं. शेवटी शेवटी ते एकमेकांवरून पुढं जायचे. तिनं वीतभर अंतर ठेवलं, तेवढंच दोनदा मोजलं आणि कात्री चालवली.

सणाच्या सकाळी एडगरनं वरून हाक दिली, "मावशी, दोरी लागलीच नाही गं! गाठ मारून वर पदर उरलाय!"

हेंड्रिनानं मान वर करून डोळे भरून पाहिलं.

"लग्नाच्या वर्षीचं माप आहे ते," ती म्हणाली. "गाठ जरा सैल मार. त्याला गुदगुल्या होतात."