विहिरीच्या पाण्याची मी केलेली तयारी

आमच्या घरामागची विहीर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बहात्तरच्या दुष्काळात खोल नेली. गल्लीतले चार गडी हाताशी घेऊन ते महिनाभर खाली उतरत होते. पाणी लागलं त्या दिवशी वर आले तेव्हा डोळे सोडून सगळा माणूस चिखलाचा होता. तेव्हापासून त्या पाण्याला कुणी नावं ठेवलेली त्यांना खपत नसत. "आमच्या हिरीचं पाणी प्यायलं की दगडबी पचतो," असं ते पाहुण्याला पाणी देतानाच सांगत. तो घोट पाहुण्याच्या घशात अडकायचा.

पुढं काही वर्षांनी माझं लग्न झालं आणि बेंबळी गावची मुलगी घरात आली. महिनाभरात तिचं पोट बिघडलं. बरं वाटायचं, पुन्हा बिघडायचं. अंगाची काडी झाली. गल्लीतही कुणाकुणाला जुलाब होत होते, पण त्यांना आंबा बाधायचा, शिळं बाधायचं, नजर बाधायची. पाणी कुणालाच बाधत नव्हतं.

"पोरगी नाजूक हाय," आई म्हणाली. "दोन महिने माहेरी ऱ्हाऊ द्या."

दोन महिने म्हणजे किती, हे मला ठाऊक होतं. आमच्याच गल्लीतली एक सून अशीच 'बरी होईस्तोवर' गेली होती, ती परत आलीच नाही.

गावात औषध फवारायला येणारा आरोग्यखात्याचा माणूस ओळखीचा होता. तो म्हणाला, "पाणी तपासून घ्या की. जिल्ह्याला पाठवू." त्यानं पिशवीतून एक झाकणबंद, निर्मळ बाटली काढून दिली. "हिरीतून थेट भरा. आत बोट घालू नका. उद्या सकाळी मी घेऊन जातो."

आता माझी हुशारी ऐका. मी गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी. रोज सकाळी शंभरेक लिटर दुधात काचेची नळी सोडून कुणी पाणी घातलंय ते ओळखायचो, आणि ओळखलं की चारचौघांत त्याची फजिती करायचो. तपासणी या विषयात जिल्ह्यात माझ्याइतकं कुणाला कळत नाही, असा माझा समज होता.

विहिरीतून बादली काढली. पाण्यात काडीकचरा, वर एक पीस. हे जिल्ह्याच्या साहेबाच्या टेबलावर जाणार? गल्लीची काय अब्रू राहील? बैल बाजारात न्यायचा तर आपण त्याला धुतो, शिंगं रंगवतो. मग मी धोतराची चौघडी करून पाणी गाळलं. तुरटी फिरवली. तरी मनाची खात्री होईना म्हणून पातेलं चुलीवर ठेवून चांगलं खळखळ उकळलं, निववलं आणि बाटलीत भरलं. बायको तिथंच भिंतीला टेकून पडली होती.

"अवो, च्या करताय का?" तिनं विचारलं.

"तुला न्हाय कळायचं," मी म्हणालो.

आठवड्यानं कागद आला. पाणी पिण्यास योग्य. आबांनी तो मला गल्लीत उभं करून मोठ्यानं वाचायला लावला, दोनदा. मीही दुसऱ्यांदा जरा जास्तच खड्या आवाजात वाचला. घरात आलो तर आई बायकोला म्हणत होती, "बघ, पाण्यात काय बी न्हाय. दोष आपल्याच पोटाचा." बेंबळीला निरोप गेला. गुरुवारी बायकोचा भाऊ तिला न्यायला येणार होता.

बुधवारी ती पिशवी भरत होती. दोन लुगडी, फणी, कुंकवाचा करंडा. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "साहेबानं हिरीचं पाणी तपासलं का तुमचा सैपाक?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला कळलं, मी काय करून बसलो होतो.

आबा विहिरीवर दोघातिघांशी बोलत बसले होते. मी तिथंच सगळं सांगितलं: गाळलं, तुरटी फिरवली, उकळलं. एक शेजारी, ज्याचं दूध मी गेल्याच हप्त्यात परत केलं होतं, तो इतका हसला की खाली बसला.

"सेक्रेटरीसाहेब," तो म्हणाला, "मी दुधात पाणी घातलं तर चोर. तुमी पाण्यातलं पाणीच बदललं की वो!"

आबा हसले नाहीत. "पुन्हा भर," एवढंच म्हणाले. "आन् तू न्हाय. सूनबाईला भरू दे."

निरोप मागं घ्यायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी भाऊ आला, त्याला कसंतरी थांबवून घेतलं. आरोग्यखात्याच्या माणसासमोर बायकोनं बादली काढली, बाटली भरली, आणि माझ्याकडं एकदा बघून झाकण घट्ट लावलं. कागद येईपर्यंत भाऊ आमच्याकडंच राहिला. बहिणीसाठी वेगळं पाणी उकळायचं काम त्यानं माझ्याकडं दिलं. "दाजी, सवय हाय तुमाला," म्हणाला.

या वेळी कागदावर लिहिलं होतं: पिण्यास अयोग्य, शेणामुताचा अंश. आबांनी तो मला वाचायला लावला नाही. स्वतःच उठून विहिरीच्या वरच्या अंगाला गेले. आमचा उकिरडा तिथं होता, वर्षानुवर्षांचा. मग कुदळ-फावडं मागवलं, गाडी जुंपली आणि भर उन्हात तो उकिरडा पार ओढ्याच्या पलीकडं नेऊन टाकला. विहिरीत औषध पडलं, आणि गल्लीनं घरोघर पाणी उकळायला सुरुवात केली, बडबड करत का होईना.

संध्याकाळी हातपाय धुऊन आबा बायकोच्या भावाजवळ ओसरीवर बसले. ज्या विहिरीपायी ते कुणाचं ऐकून घेत नसत, तिच्याकडं पाठ करून म्हणाले, "पोरीच्या पोटाचा दोष नव्हता. आमचं पाणीच वाईट होतं. मनात ठेवू नका."

भाऊ अवघडला. "मग मामा, मी एकटाच जाऊ?"

"जा की एकटाच," बायको आतून म्हणाली. सासऱ्यासमोर तिला इतक्या मोठ्यानं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.