धारेचं दूध

आमच्या घरी दिवस उजाडायचा तो किटलीच्या कडीच्या आवाजानं. आप्पा, म्हणजे माझे वडील, निवृत्त झाले तरी पहाटे चपला सरकवून गल्लीच्या टोकाच्या दूध कट्ट्यावर जायचेच. तिथं म्हैस उभी असते, पेला पुढं केला की धार थेट पेल्यात. स्वतः फेसासकट तिथंच पिऊन यायचे आणि घरच्यांसाठी किटलीतून आणायचे. कच्चंच. उकळलं की दुधातली ताकद जाते, हा आप्पांचा कायदा. मी जंतुशास्त्र शिकले, प्रयोगशाळेत नोकरीला लागले, तरी कायदा काही बदलला नाही. मी भांडायचे, तर म्हणायचे, तू एवढी शिकलीस ती कशाच्या जोरावर? याच दुधाच्या की. कप्पाळ!

वहिनीला दिवस गेले आणि आप्पांना नवं काम मिळालं. तिला सकाळी मळमळायचं, म्हणून तिच्या वाटचं दूध ते पेल्यात घालून फ्रिजमध्ये मागच्या बाजूला झाकून ठेवायचे. संध्याकाळी स्वतःच्या हातानं काढून द्यायचे आणि पेला रिकामा होईपर्यंत तिच्याजवळ उभे राहायचे. सुनेचं एवढं कौतुक करणारा सासरा सगळ्या पेठेत दुसरा नव्हता, हे मी आजही म्हणेन.

सातव्या महिन्यात तिला ताप आला. साधा, अंगदुखीचा. मग पोटातली हालचाल थांबली. मुलगी होती. वहिनीच्या रक्तात लिस्टेरिया नावाचा जंतू निघाला. हा खाण्यातून येतो. धडधाकट माणसाला फारसं काही करत नाही, गरोदर बाईत शिरला तर बाळावरच उठतो. आणि बाकीचे जंतू फ्रिजमध्ये गप पडून राहतात, हा मात्र थंडीतही वाढत जातो.

शेजारच्या काकूंनी सांगितलं, तुमच्या सुनेला भेळेच्या गाड्यावर बघितलं होतं. झालं. घराला बोट दाखवायला जागा मिळाली. असल्या दिवसांत बाहेरचं खायचं कशाला, जिभेचे चोचले दुसरं काय, असं आप्पा म्हणाले. दादानं तिच्याशी बोलणं टाकलं. तिला विश्रांतीसाठी म्हणून आजऱ्याला माहेरी पाठवलं, पण बॅग भरताना तिनं सगळेच कपडे भरले आणि कुणी विचारलं नाही की एवढे कशाला. परत कधी आणायचं, हा विषय घरात निघेना.

दवाखान्यानं तो जंतू आमच्याच प्रयोगशाळेत पाठवला. साहेब म्हणाले, तू रजा घे, दुसरं कुणी करेल. मी नको म्हटलं. भेळेच्या गाड्यावरची चटणी आणली, घरच्या फ्रिजमध्ये मागं तसंच राहिलेलं वहिनीच्या वाटचं दूध आणलं, किटलीच्या झाकणाला जी रबरी कड असते ती बोळ्यानं पुसून आणली. हात आपले चालत होते. माझ्या भाचीला मारणारा जंतू माझ्या हातातल्या बशीत वाढत होता आणि मला काहीही वाटत नव्हतं. या गोष्टीचा मला राग यायला हवा होता. तोही येत नव्हता.

आधी चटणीचं कळलं. तिच्यात लिस्टेरिया निघाला. दादानं विचारलं तेव्हा मी सांगितलं, आहे, पण नाव एक म्हणजे जंतू एक असं नसतं, अजून दुधाचं बघायचं बाकी आहे. 'पण'च्या पुढचं कुणी ऐकलंच नाही. आप्पांनी कट्टाभर सांगितलं, मी म्हणत हुतो की न्हाय. दादानं आजऱ्याला फोन लावला आणि चटणीत सापडलं म्हणून सांगितलं. वहिनी फक्त 'बरं' म्हणाली.

जंतूंचीही घराणी असतात. डीएनए ठरलेल्या जागी कापायचा, तुकडे विजेच्या जोरावर जेलीसारख्या थरातून पळवायचे. लहान तुकडे पुढं जातात, मोठे मागं राहतात, आणि पट्ट्यांची एक नक्षी उमटते. नक्षी जुळली तर घराणं एक. चटणीतल्या जंतूची नक्षी वहिनीच्या रक्तातल्या जंतूशी जुळली नाही. आतड्यातून शरीरात शिरायला जे जनुक लागतं, तेही चटणीतल्या जंतूत तुटकं होतं, दात मोडलेल्या किल्लीसारखं. म्हणजे नावानं तोच, पण अंगात दम नाही. फ्रिजमधल्या दुधातल्या जंतूत ते जनुक धड होतं. किटलीच्या कडेतल्या जंतूतही. आणि त्या दोघांचे पट्टे रक्तातल्या जंतूशी एकास एक जुळले.

मी त्या पट्ट्यांचा फोटो पुन्हा बघितला. मग हात धुतले आणि कोरा चहा करून प्यायले.

घरी आले तेव्हा आप्पा मोरीपाशी बसून किटली घासत होते. रोज घासायचे, आरशासारखी. फक्त झाकणाची ती कड कधी काढली नव्हती, कारण ती निघते हेच घरात कुणाला माहीत नव्हतं.

"आप्पा, भेळेनं नाही झालं," मी म्हटलं. "दुधानं झालं."

ते घासतच राहिले. मग म्हणाले, "पक्कं हाय?"

"पक्कं आहे."

मग मला का काही झालं नाही, तुला का झालं नाही, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. आपण दणकट, शिवाय फ्रिजमधलं शिळं दूध एकट्या वहिनीच्या वाट्याला यायचं. त्यांनी किटली पालथी घातली आणि उद्या आजऱ्याला जायचं म्हणाले. माझ्यासमोर ते रडले नाहीत. रडले असते तर मला बरं वाटलं असतं.

दादा, आप्पा आणि मी, तिघं गेलो. वहिनी बाहेरच्या सोप्यात सुपात काजूगर निवडत बसली होती. वाळली होती. आप्पा चपला काढून सरळ तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"सूनबाई, तुझ्याकडनं काय चुकलं न्हाय," ते म्हणाले. "माझ्या दुधानं झालं. घरला चल."

वहिनीचे हात थांबले नाहीत. अख्खे एका बाजूला, तुकडे दुसऱ्या बाजूला.

"मला ते दूध कधीच आवडलं नाही आप्पा," ती म्हणाली. "वास यायचा. तुम्ही उभे असायचा, म्हणून प्यायचे."

दादा दारातच थांबला होता. मला वाटलं, एवढ्या नमुन्यांत जंतू शोधला, पण दूध आवडतं का, हे या बाईला आमच्या घरात एकानंही कधी विचारलं नाही.

"तुम्ही खाली बसा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "उभे राहिलात की मला अजून पेला दिसतो."

आप्पा तिथंच फरशीवर बसले. तिच्या आईनं चहा आणला, तो आम्ही घेतला. परतीच्या एसटीत आम्ही तिघंच होतो.