दुधाचेच दात

आमच्या बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये दिवसा आवाज करायला बंदी होती. नवरा सॉफ्टवेअर कंपनीत, अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाच्या घड्याळाप्रमाणे काम करायचा. संध्याकाळी कंपनीची गाडी त्याला न्यायची, पहाटे आणून सोडायची आणि मग दुपार टळेपर्यंत तो झोपायचा. सासूबाईंनी दाराच्या बेलची वायरच काढून टाकली होती. कुकर लावायचा तो एकतर मी ऑफिसला निघायच्या आधी, नाहीतर साहेब उठल्यावर. मिक्सर तर फडताळातच गेला. "पोरगं रात्रभर राबतंय हो," असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला कुजबुजत सांगायच्या आणि ऐकणाराही कुजबुजतच कौतुक करायचा. त्या वर्षांत सोसायटीत अशा नोकरीचा मोठा थाट होता. मीही विम्याच्या कचेरीत दिवसभर राबत होते, पण माझं राबणं पुण्याच्याच वेळेनुसार असल्यामुळे त्यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं.

या शांततेत आमची दीड वर्षाची मुलगी राहत होती. त्या वयाचं मूल आवाज करणार, त्याला इलाज नसतो. सासूबाईंकडे होता. खडीसाखर घालून आटवलेलं दूध, बाटलीत भरून. रडली की बाटली, पडली की बाटली, खेळताना हसू जरा मोठं झालं तरी बाटली. दुपारी बाटली तोंडात असतानाच तिचा डोळा लागायचा आणि काढली तर जागी होऊन रडेल म्हणून बाटलीला कोणी हात लावायचं नाही. शेजारच्या बायका म्हणायच्या, किती गुणाची पोर, घरात आहे की नाही तेसुद्धा कळत नाही.

एका रविवारी मी तिला आंघोळ घालत होते. डोक्यावर पाणी घेताना ती वर बघून हसली, तेव्हा वरच्या पुढच्या चार दातांवर, हिरडीला लागून, खडूनं ओढल्यासारख्या पांढऱ्या रेघा दिसल्या. दूध राहिलं असेल म्हणून ओल्या फडक्यानं पुसलं. रेघा जाईनात.

शनिवार पेठेत एक दातांच्या डॉक्टरबाई होत्या, हुशार आणि बोलायला तिखट. त्यांनी मुलीचा ओठ वर करून पाहिलं.

"दूध पिता पिता झोपते?"

"हो."

"गोड दूध?"

"हो."

"छान. मग कीड लागायला आणखी काही लागत नाही."

पण पुढचं त्यांनी नीट समजावून सांगितलं. किडीची ही सुरुवात आहे. खड्डा अजून पडलेला नाही, म्हणजे दात वाचू शकतो. झोपेतली बाटली बंद करायची, रोज दात साफ करायचे आणि फ्लोराइडचं एक औषध ब्रशनं दातांवर लावायचं, काही महिन्यांनी पुन्हा. सुई नाही, भूल नाही, मांडीवर बसल्या बसल्या होतं. पुढच्या आठवड्याची वेळ ठरवून मी घरी आले. रिक्षात मला खरंच हलकं वाटत होतं.

सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि हसल्या. "दुधाचेच दात ते. पडणारच आहेत. पडणाऱ्या दाताला कसलं औषध लावताय?"

त्यांच्याकडून मी दुसरी अपेक्षा केली नव्हती. अपेक्षा होती ती नवऱ्याकडून. त्याची नोकरीच मुळी दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्याची. चूक सुरुवातीला सापडली तर निस्तरणं सोपं जातं, हे तो कंपनीत नव्या मुलांना शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी जेवताना मलाही ऐकवायचा. त्यानं माझं म्हणणं मनावर घेतलं, तिथेच घात झाला. दुसऱ्या दिवशी कंपनीतून येताना त्यानं इंटरनेटवरून छापून घेतलेले कागद आणले. फ्लोराइडनं हाडं वाकलेल्या माणसांचे फोटो होते त्यात.

"हे विष आहे. तू काही वाचलंस का, का नुसतं डॉक्टरनं सांगितलं म्हणून निघालीस?"

मी ते कागद त्याच्यासमोरच वाचले. जिथल्या जमिनीतल्या पाण्यातच ते जास्त असतं आणि लोक वर्षानुवर्षं तेच पाणी पितात, अशा गावांबद्दल ते कागद होते. "अहो, हे पोटात गेलेल्याबद्दल आहे," मी म्हणाले. "आपल्याला दातावर ब्रशनं नुसता एक हात फिरवायचाय."

"डॉक्टर लावाच म्हणणार. त्यांचा धंदा आहे तो."

एरवी मी त्याला अरेतुरे करायची, सासूबाईंसमोर मात्र अहो. तेव्हा हे भांडण अहो म्हणत, आणि मुलगी झोपली होती म्हणून कुजबुजत झालं. असं भांडण कधी कोणी जिंकलं असेल असं मला वाटत नाही. शेवटी त्यानं स्वतः फोन करून डॉक्टरबाईंची वेळ रद्द केली. विषाच्या धास्तीनं घरात पाणी शुद्ध करायचं नवं यंत्र आलं. बाटली होती तिथेच राहिली. दुधात साखर घालू नका असं मी म्हणाले, तर सासूबाई म्हणाल्या, "आता मूल वाढवायलाही तूच शिकव." दिवसभर घरात त्या होत्या, मी नव्हते.

रेघा पिवळ्या झाल्या, मग तपकिरी. मग दातांचे कोपरे तुटायला लागले. खालचे दात चांगले होते, वरच्या चारांचे मात्र काळे खुंट उरले. फोटो काढताना सासूबाई तिला सांगायच्या, "ओठ मिटून हस गं, छान दिसतेस."

ती तीन वर्षांची असताना एका सकाळी तिचा वरचा ओठ सुजून नाकाला लागला होता आणि अंग तापलं होतं. नवऱ्याला झोपेतून उठवलं आणि तिघं त्याच डॉक्टरबाईंकडे गेलो. हिरडीवर पुवानं भरलेली पुळी होती.

"हे काही कालचं नाही," त्या म्हणाल्या. "बरेच दिवस ठणकत असणार. रडत नव्हती?"

"नाही," नवरा म्हणाला. "ती मुळातच शांत आहे."

डॉक्टरबाई मुलीकडे वळल्या. "दुखत होतं ना गं तुला?"

तिनं मान डोलावली.

"मग आईला सांगितलं का नाहीस?"

"बाबा झोपलेत," ती हळूच म्हणाली. बाबा तिच्या शेजारीच उभा होता.

त्या तिखट बाई हॉस्पिटलची चिठ्ठी लिहायला लागल्या.

भूल देऊन चारही दात काढले. त्या दिवशी मला नवऱ्याचा जो राग आला तो अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. पुढची काही वर्षं तिच्या तोंडून 'स' धड निघत नव्हता. शाळेत मुलं तिला म्हातारी म्हणायची. मग नवे दात आले, एका ओळीत, पांढरे, दृष्ट लागण्यासारखे. "बघ, मी म्हणत नव्हते?" सासूबाई म्हणाल्या. नवरा तिला आरशासमोर उभी करून म्हणाला, "तुझी आई उगाच घाबरली होती." आमच्या घरात त्या सगळ्या प्रकरणाची आठवण आता एवढीच आहे, की मी उगाच घाबरले होते.

आता ती स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे. दोघंही घरूनच काम करतात, बापलेक, शेजारशेजारच्या खोल्यांत. मागच्या वर्षी एका दुपारी मी चहा घेऊन तिच्या खोलीत गेले तर ती जमिनीवर पोट आवळून पडली होती. अपेंडिक्स होतं, आदल्या रात्रीपासून दुखत होतं, हे नंतर कळलं. घामानं निथळत होती, आणि उशीचं टोक तिनं त्या सुंदर दातांत गच्च धरलं होतं.

"अगं, हाक का नाही मारलीस?"

तिनं उशी सोडली. "बाबांची मीटिंग चालू आहे," ती म्हणाली.