खाणीखालची विहीर

त्या विहिरीच्या पाण्याचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. नव्वदच्या दशकाची अखेर होती आणि मी आंबेगाव तालुक्यात फौजदार होतो. गावाचं नाव लिहीत नाही. कळंबच्या पुढे, आडबाजूला, डोंगराच्या उतारावर आहे, एवढं पुरे.

ठाण्यात सकाळची हजेरी चालू असताना त्या गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला.

"साहेब, इहिरीत कुणीतरी औषध टाकलंय. बैल मेले. म्हातारीला दवाखान्यात नेलंय, लई सिरीयस हाय."

"संशय कुणावर?"

"संशय कसला? तिचा पुतण्या. सगळ्या गावाला म्हाईत हाय."

विहीर दोन चुलत भावांची, सामाईक. पाणी पाळीने घ्यायचं. थोरल्याने धाकट्याची पाळी बंद केली आणि त्याच्या मोटारीचा स्टार्टर काढून बांधावर फेकला. त्यावर धाकटा चहाच्या टपरीवर चारचौघांत बोलून गेला होता, "मला न्हाई तर कुणालाच न्हाई." पुढच्याच आठवड्यात पाणी नासलं, थोरल्याचे बैल गेले, त्याची आई दवाखान्यात गेली. वैर होतं, धमकी होती, साक्षीदार होते. इतकं आयतं हातात आलं की पोलीस पुढे बघत नाही. मीही बघितलं नाही. धाकट्याला भर गावातून, वेशीतून चालवत जीपपर्यंत आणलं.

"डबडं कुठंय?" मी विचारलं.

"कसलं डबडं?"

"औषधाचं."

"ते व्हय? ते समद्यांकडं हाय, साहेब. कुठल्याबी गोठ्यात हात घाला. टोमॅटो हाय म्हंजी औषध हायच."

आमचा हवालदार हसला. "लई शाना दिसतोस, राव. आता साहेबांना शेती शिकव."

त्या हसण्याने मला चेव आला. मी कमरेचा पट्टा काढला. बाकीचं लिहीत नाही, पण झालं ते मी केलं, हवालदाराने नाही. दुसऱ्या दिवशी धाकटा म्हणाला, "चला, दावतो." टोमॅटोच्या क्रेटखालून त्याने औषधाचा डबा काढून दिला. पंचनामा झाला, डब्याला लाखेचं सील लागलं, कोर्टाने पोलीस कोठडी दिली. त्या भागात ज्याच्या गोठ्यात तसा डबा सापडणार नाही असा शेतकरी नव्हता, हे मला ठाऊक होतं.

नासलेली विहीर उपसतात, चुना टाकतात, नवं पाणी चढू देतात. मीच तसं सांगितलं. दोन इंजिनं लावून तळ दिसेपर्यंत उपसा झाला. नवं पाणी चढलं आणि त्याला पहिल्यापेक्षा जास्त वास आला. पुन्हा उपसली, तर पाण्यावर तेलासारखा तवंग.

पोलीस पाटील ठाण्यात येऊन चाचरत म्हणाला, "साहेब, तो तर तुमच्याकडं आत हाय. मग आता कोण टाकतंय?"

याचं उत्तर गावाने तयार ठेवलं होतं: त्याची बायको. आणि मी त्या बाईलाही बोलावून दिवसभर ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवलं. ती एवढंच म्हणाली, "आमची बी गाय तेच पाणी पिती, साहेब. आमी कशाला टाकू?" हे वाक्य मी जबाबात घेतलं नाही.

विहिरीवर शिपायांचा पहारा बसवला. पहाऱ्यात उपसा झाला, पहाऱ्यात पाणी चढलं आणि पहाऱ्यातच नासलं. हे कुणा माणसाने टाकलेलं नाही, हे तेव्हा मला कळलं. पुण्याच्या भूजल खात्यातल्या एका ओळखीच्या भूवैज्ञानिकाला मी बोलावून घेतलं. त्याने विहिरीत डोकावून पाहिलं आणि तो सरळ चढावर चालू लागला. वर बंद पडलेली खडीची खाण होती. खड्ड्यात काळं पाणी साचलेलं, काठाला टँकरच्या चाकोऱ्या.

"सुरुंगांनी खडक फुटलाय," तो म्हणाला. "खाली तांबड्या मातीचा थर आहे, त्यावरून हे पाणी भेगाभेगांतून उतरतंय. तुम्ही विहीर जेवढी उपसाल, तेवढं ते जोरात खाली ओढलं जाणार."

खात्रीसाठी त्याने खाणीत रंग टाकला. काही दिवसांनी विहिरीच्या एका कपारीतून हिरवट धार लागली. मी ती बघत उभा राहिलो. उपसा माझ्याच हुकमाने झाला होता.

पाळत ठेवून टँकर पकडला. कुठल्या तरी कारखान्याची घाण त्यात होती. ड्रायव्हर बिनधास्त म्हणाला, "खाणीचं मालक बोललं, खड्डा मोकळाच हाय, वत तिथं." खाणमालकावर गुन्हा दाखल झाला. पेपरात बातमी आली आणि वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. तपास कसून केला म्हणून.

पुराव्याअभावी धाकट्याला सोडण्याचा अहवाल मी कोर्टाला पाठवला. सुटल्यावर तो ठाण्याच्या पायरीवर थांबला.

"साहेब, एकदा गावात येऊन सांगा. तुमच्या तोंडानं. माझं कुणी ऐकत न्हाई."

"येतो," मी म्हणालो.

गेलो नाही. गेलो असतो तर डबा कसा 'सापडला' तेही कुणीतरी विचारलं असतं. नंतर बदली झाली. गाव म्हणत राहिलं, डबा तर सापडला होता, वशिल्यानं सुटला.

निवृत्तीनंतर, गेल्या उन्हाळ्यात गेलो. विहिरीवर काट्या टाकलेल्या. धाकटा कांदा साठवायच्या चाळीत कांदा निवडत होता. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला 'तुम्ही' म्हणालो.

"तुम्ही माणसं जमवा. मी आज सांगतो."

त्याने हातातला कांदा चोळून बाजूला ठेवला.

"आता नका सांगू, साहेब. ज्यांच्या म्होरं सांगायचं व्हतं ती गेली. चुलती मरंस्तवर माझ्या हातचं पाणी प्याली न्हाई. आता घरात सुना आल्यात. त्यांना ठावं बी न्हाई मला धरून नेलं व्हतं. तुमी सांगाया गेला, तर त्यांना पैल्यांदा कळंल."

निर्दोष माणसाला कोठडीतून सोडलं म्हणजे काम संपलं असं मी नोकरीभर मानलं. ज्या वेशीतून त्याला नेलं तिथे त्याला परत उभं करणंही आमचंच काम होतं, आणि त्या कामालाही मुदत होती. हे मला त्या चाळीत कळलं. म्हणून इथे एकाही माणसाचं नाव नाही. ते लपवणं आता माझ्यासाठी नाही.

एवढ्यात सून चहा घेऊन आली. माझ्याकडे बघून तिने विचारलं, "कोण म्हनायचं, मामा?"

"पावणं हायेत, मंचरचं," तो शांतपणे म्हणाला. "कांदा बघाया आलेत."

मी खाली वाकलो, एक कांदा उचलला आणि विचारलं, "यंदा टिकेल ना हा?"