साडूच्या टँकमधली अंडी

अमरसिंह सरनोबतच्या टँकमध्ये चार वर्षांत एकाही माशानं अंडी घातली नव्हती. त्याच्या साडूच्या टँकमध्ये ती दर पंधरा दिवसांनी पडू लागली, आणि साडूला ती नको होती.

अमरसिंह शिरोलीच्या एका फाउंड्रीत तपासनीस आहे. मशीनवरून आलेल्या कास्टिंगची मापं घ्यायची आणि केसाएवढा फरक दिसला तरी माल परत पाठवायचा, हे काम तो सव्वीस वर्षं करतोय. घरीही त्याचं तेच चालतं. टाकाळ्यावरच्या फ्लॅटमध्ये हॉलची एक भिंत साडेचार फुटी टँकनं अडवली आहे. त्यात खारं पाणी आणि समुद्रातले मासे. कोल्हापुरात समुद्र नाही, म्हणून मीठ बाहेरून मागवायचं, शुद्ध पाण्यात कालवायचं, एक दिवस फिरतं ठेवायचं, मोजायचं आणि मग टँकमध्ये सोडायचं. पाण्याविषयी मिळेल ते सगळं त्यानं वाचलं होतं. माशांविषयी वाचण्यासारखं फार काही उरत नाही, असा त्याचा समज होता.

गॅलरीत सहा बाटल्यांमध्ये हिरवं पाणी आणि त्यात धुळीएवढे जीव. माशांच्या पिल्लांचं हे पहिलं खाणं. ते रोज जोपासावं लागतं. त्याची बायको अनुजा आल्यागेल्याला बाटल्या दाखवायची. "अजून जन्माला न आलेल्यांचा स्वैपाक हाय ह्यो. चार वर्षं चाललाय."

कोल्हापुरात खाऱ्या पाण्यातले मासे पाळणारे जेमतेम पंचवीस जण. त्यांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये अमरसिंहचा शब्द शेवटचा. पण त्या पंचविसांपैकी कुणीच आजवर घरात पिल्लं वाढवली नव्हती. पहिला आपण असावं, एवढीच त्याची इच्छा होती. ती त्यानं कुणाला बोलून दाखवली नव्हती.

जूनमध्ये कृष्णातचा फोन आला. कृष्णात म्हणजे अनुजाच्या धाकट्या बहिणीचा नवरा. कसबा बावड्यात त्याचं पेंड आणि पशुखाद्याचं दुकान, दुकानामागं घर. घरातला टँक त्याच्या मुलीचा, क्रांतीचा. ती नोकरीला बेंगळुरूला गेली आणि मासे बापाच्या गळ्यात पडले.

"ओ पावणं, तुमच्या त्या जोकर माशानं चावलं बघा मला!"

"कुठल्या? क्लाउन?"

"त्योच की, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्याचा. काच पुसाय हात घातला तर धावून आला. मासा हाय का कुत्रं? त्या पिवळ्या माशाची शेपटी फाडलीया. कोपऱ्यात दडून बसतंय बिचारं, खायला भाईर येत न्हाय."

"असं एकदम कशानं झालं?"

"मला काय म्हाईत? त्या कुंडीच्या खापरावर कायतरी चिकटलंय आणि ही दोघं तिथनं हलत न्हाईत. मागं दोनदा घाण म्हणून दातांच्या ब्रशनं घासून काढलं. परत हाय तितंच."

अमरसिंह खुर्चीतून उठून उभा राहिला.

"हॅलो? पावणं?"

"फोटो पाठवा," तो म्हणाला.

फोटोत खापरावर तीन-चारशे दाणे ओळीनं चिकटले होते, आणि प्रत्येक दाण्यात दोन चंदेरी ठिपके. ते पिल्लांचे डोळे होते. दोन वेळा ब्रशनं घासून काढले ते हेच.

तो त्याच संध्याकाळी बावड्याला गेला. टँकच्या काचेला मिठाची पांढरी कड धरली होती, दगडांवर शेवाळ माजलं होतं. मोठी मादी खापरासमोर येरझाऱ्या घालत होती. तिच्या निम्म्या आकाराचा नर अंड्यांना परांनी वारा घालत होता. अमरसिंहनं हे आजवर फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं.

"पाणी कितीदा मोजता?"

"मोजायचं काय त्यात? क्रांतीनं काचंवर पेनानं खूण केलीया. त्याच्या खाली गेलं की फिल्टरचं गोडं पाणी वतायचं. झालं."

"आणि खाणं?"

"आठवण झाली की टाकतो." कृष्णात हसला. "आमच्या म्हशींचंबी असंच हाय बघा. जास्ती लक्ष दिलं की त्या रुसत्यात."

अमरसिंहला हसू आलं नाही. नर एवढा लहान का, याचं उत्तर मात्र त्याला तिथंच मिळालं. उपासमार. चांगल्या घरात असता तर तोही मोठा झाला असता.

"दोघं घिऊन जावा की," कृष्णात म्हणाला. "माझी पीडा जाईल."

खरं तर सोपं होतं. जोडी न्यायची, किंवा नुसतं खापर उचलायचं. अंडी त्याच्या घरी फुटली असती आणि चार वर्षं सांभाळलेल्या बाटल्या कामाला आल्या असत्या. पण पिल्लं कृष्णातच्या माशांची झाली असती, आणि ते सांगायला कृष्णात जिवंत होता. दुकानात सांगितलं असतं, लग्नात सांगितलं असतं, ग्रुपमध्येही कुणाकडून तरी पोचवलं असतं.

"मोठी तेवढी नेतो," अमरसिंह म्हणाला. "दंगा तिचाच आहे. लहान एकटा राहिला की गप होईल."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. म्हणून ते बोलायला जड गेलं नाही.

"तुमाला कळतंय त्यातलं," असं म्हणून कृष्णातनं जाळी आणून दिली. अंड्यांचं खापर अमरसिंहनं तिथंच राहू दिलं.

अमरसिंहकडचे दोन क्लाउन त्यानं मुंबईला जाऊन स्वतः निवडले होते. तिथल्या विक्रेत्यानं त्याच्यासमोर एक मोठा आणि एक लहान मासा ठेवला. अमरसिंहला वाटलं, हा खुजा माल गळ्यात मारतोय. त्याचे वडील कागलमध्ये बैलजोडीचे जाणकार. जोड बघायची तर उंची सारखी, बांधा सारखा, शिंगंसुद्धा एका वळणाची. अमरसिंहनं तेच केलं. पट्टा न् पट्टा जुळणारे दोन दांडगे मासे हुडकले आणि विक्रेत्याला लहानगा परत पाण्यात सोडायला लावला. घरी आणल्यावर ती जोड एकमेकांवर तुटून पडली. तेव्हापासून टँकच्या मधोमध जाळीचा पडदा होता. सवय होईल म्हणून अमरसिंह चार वर्षं वाट पाहत होता.

यातला डावीकडचा नर असणार, असं त्याचं मत होतं. त्याची चाल रुबाबदार होती. अमरसिंहनं कृष्णातची मादी डाव्या बाजूला सोडली.

तिसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर त्याला डावीकडचा मासा दगडाखाली सापडला. पर उरले नव्हते, पोट फाटलं होतं. बावड्याची मादी वर तरंगणारं खाणं टिपत होती.

"काय झालं?" अनुजानं विचारलं.

"पाणी मानवलं नाही."

"तुझं पाणी? आणि मानवलं न्हाई?"

त्यानं मासा कुंडीत पुरला. कृष्णात फोनवर विचारायचा, तेव्हा "बरी आहे" एवढंच सांगायचा. ते खरंच होतं. मादी बरी होती. अंडी घालत नव्हती. कृष्णातकडेही अंडी बंद झाली होती, आणि अमरसिंहला त्या पावसाळ्यात झोप चांगली लागली.

गणपतीला क्रांती आली तेव्हा एकट्या पडलेल्या माशासाठी बेंगळुरूहून बोटाच्या पेराएवढा एक क्लाउन घेऊन आली. अमरसिंहला हे कळलं, पण त्यानं मनावर घेतलं नाही. मादी त्याच्याकडे होती.

मे महिन्यात क्रांती पुन्हा सुट्टीवर आली आणि कृष्णातनं अमरसिंह आणि अनुजाला रविवारी मटणाला बोलावलं. जेवता जेवता तो म्हणाला, "पावणं, परत सुरू झालं बघा. खापर भरलंय."

"काय भरलंय?"

"अंडी हो! आज तिसरा दिवस. आणि काल परत चावलं." त्यानं बोट पुढं केलं.

अमरसिंह ताट तसंच ठेवून टँकपाशी गेला. गेल्या जूनमध्ये त्यानं इथंच ठेवलेला लहान नर आता चांगला दांडगा झाला होता आणि खापरासमोर येरझाऱ्या घालत होता. बेंगळुरूचा पेराएवढा मासा अंड्यांना वारा घालत होता.

"मादी आली कुठनं?" त्यानं विचारलं.

"तीच की, काका," क्रांती म्हणाली. "ह्यांच्यात सगळे आधी नर असतात. मादी गेली की खालचा नर मादी होतो, आणि एकदा झाली की परत नर होत नाही. म्हणून तर मी छोटा आणला. तुमच्याकडच्या मोठीची जोडी कुणाशी जमली?"

"तिनं माझा एक मारला."

"केवढा होता?"

"तिच्याएवढा."

"आणि दुसरा?"

"तोही."

 "काका, मग त्या दोन्ही माद्या होत्या."

कृष्णात हसणार असं अमरसिंहला वाटलं. तो तयार होता. पण कृष्णात हसला नाही.

"म्हंजे तुमच्याकडं तीन बायका नांदत हुत्या," तो हळूच म्हणाला, "आणि तुम्ही मधी पडदा लावून बसलाय व्हय. जाऊ दे. ही दोघं न्या आता."

"नको."

"का?"

 उत्तर अनुजाकडून आलं. "ती तुमची हायत म्हणून," ती भावजींना म्हणाली आणि खरकटी ताटं उचलू लागली.

क्रांतीला त्यातलं काही कळलं नसावं. तिनं साधा हिशेब सांगितला. मासे इथंच राहू देत. आठव्या दिवशी संध्याकाळी, अंडी फुटायच्या आधी, खापर पाण्यासकट बादलीतून काकांनी न्यावं. पिल्लं तिकडं वाढतील, बाबांना घासत बसायला नको. पंधरा दिवसांनी परत तेच.

"म्हणजे दर खेपेला मी इथं यायचं," अमरसिंह म्हणाला.

"हो. एवढंच."

आठवा दिवस शुक्रवारी येत होता. मंगळवारी त्यानं बाटल्यांतलं पाणी बदललं. बुधवारी ग्रुपमध्ये कुणीतरी विचारलं, कोल्हापुरात क्लाउनची पिल्लं कुणी वाढवलीत का. त्यानं प्रश्न वाचला आणि फोन पालथा ठेवला. गुरुवारी कृष्णातचा फोन आला. "डोळं चमकाय लागल्यात. येताय, का ब्रश घिऊ?"

शुक्रवारी सहा वाजता अमरसिंह झाकणाची बादली घेऊन बावड्यात उतरला. कृष्णात दुकानाच्या पायरीवर दोन गिऱ्हाइकांशी बोलत उभा होता. त्यानं लांबूनच हाळी दिली.

"या, या पावणं! बाळंतपणाला आलाय न्हवं?"

गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

"ह्ये आमचं साडू. शिरोलीत साहेब हायत. आमच्या माशांची पोरं न्यायला आल्यात. व्हय का न्हाय, पावणं?"

"व्हय," अमरसिंह म्हणाला. त्यानं पायरीशी चपला काढल्या आणि पेंडीच्या पोत्यांमधून बादली सांभाळत तो आत गेला.