आतेचा पाला आणि माझी पाटी

बी.एस्सी. होऊन मी कोल्हापूरहून मसुऱ्याला परत आले तेव्हा माझ्या ट्रंकेत एक भिंग होतं आणि डोक्यात भरपूर हवा. वनस्पतिशास्त्र घेतलेली वाडीतली मी पहिलीच. ते नक्की काय असतं हे वडिलांना कळलं नव्हतं, पण येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत, "आमचा चेडू झाडांचा डॉक्टर झाला." आई आतून म्हणे, "मगे त्या फणसाक बघ म्हणा, दोन वर्सां धरूक नाय."

खरं तर घरात झाडांची डॉक्टर आधीपासूनच होती. माझी आते. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन ती भावाच्या घरी परत आली, ती कायमची. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. मुरगळलेल्या पायावर ती पाला द्यायची. आमच्याकडे सगळा कातळ, त्यामुळे पाय मुरगळणं हा गावाचा मुख्य उद्योग. रविवारी लोक लंगडत येऊन पडवीत बसत. त्याआधीच आते तोंडात पाण्याचा थेंब न घेता, वाटेत कुणाशी न बोलता डोंगरावर जाऊन आलेली असे. पाला आत वाटायचा आणि लगदाच बाहेर आणायचा, म्हणजे पान कुणाच्या दृष्टीस पडू नये. बदल्यात एक नारळ. पाल्याचं नाव विचारायचं नाही. सांगितलं की गुण जातो.

"सात दिवस लाव," असं ती बजावायची. मुरगळलेला पाय सात दिवसांत आपोआपच बरा होतो, हे कळायला कॉलेजात जावं लागत नाही. पण दुसरी एक गोष्ट मी लहानपणापासून बघत होते. रविवारी घरातला पहिला चहा आतेला मिळे, तोही कपबशीतून. उरलेले सहा दिवस ती सगळ्यांत शेवटी, राहिलेला चहा वाटीतून प्यायची. कुणी तिचं वाईट चिंतत होतं असं नाही. घर तसं चालत होतं, एवढंच.

मी परत आले त्या वर्षी आतेचे गुडघे गेले. दोन रविवार ती अर्ध्या चढणीवरून रिकाम्या हाताने माघारी आली. पडवीतल्या लंगड्यांना वडिलांनी हात जोडून वाटेला लावलं, आणि आईने तिच्यापुढे कांद्यांनी भरलेलं सूप सरकवलं. तिने कांदे सोलायला घेतले. मला ते बघवेना.

"आते, नाव सांग. मी आणून परड्यात लावतंय," मी म्हटलं.

"सांगूचा नसता."

"मगे दाखव."

"दाखवूचा पण नसता."

"मगे मी ओळखू कसा?"

"इतक्या शिकान इलंस मा? ओळख," आते म्हणाली आणि पुढचा कांदा उचलला.

माझ्या हाती धागा एकच होता. रविवारी तिच्या हातांना तुळशीच्या एखाद्या वाया गेलेल्या भावासारखा उग्र वास यायचा. तुळशीच्या कुळाची ओळख सोपी. दांडा चौकोनी, बोटांत फिरवला की धारा लागतात. पानं समोरासमोर. आणि फूल खालचा ओठ पुढे काढून बसलेलं, मानपान न मिळालेल्या नणंदेसारखं. पावसाळा सुरू होताच मी डोंगरावर चढून चौकोनी दांड्याचं दिसेल ते उपटून आणलं आणि घरामागच्या परड्यात न्हाणीपासून फणसापर्यंत ओळीने लावलं. बेत असा होता की आतेने सांगायचं नाही, दाखवायचं नाही, पण खुडायला तर बंदी नाही ना? ज्याचं पान खुडेल ते तिचं.

तुंबा शेळीने खाल्ला. कातळावरची एक निळी मंजिरी आमच्या मातीत आठ दिवसही टिकली नाही. रानतुळस लावली तिथे निमूट वाढली. फांगळ्याने मात्र माझा अंत पाहिला. आधी उन्हात लावला तर त्याने मान टाकली. मग पेराखाली तिरपा कापलेला फाटा फणसाच्या सावलीत, कुजलेल्या पाचोळ्यात खोचला, तेव्हा स्वारीने मूळ धरलं. गुरं त्याच्या वासानेच तोंड फिरवत. थंडीत पांढरट जांभळे तुरे आले, आणि भिंगातून पाहिलं तर प्रत्येक फुलातून केसाळ पुंकेसर बाहेर डोकावत होते. उन्हाळ्यात त्याची काटकी झाली. "मेला ता. मी थंय मिरची लावतंय," आईने जाहीर केलं. पण पुढच्या पावसात त्याच खोडाला धुमारे फुटले आणि आईची मिरची राहिली. हे सगळं होईपर्यंत वर्षभर पडवी रिकामी होती.

मग एका रविवारी सकाळी काठी टेकत आते परड्यात आली. मी न्हाणीच्या फटीला डोळा लावून उभी होते. तिने एकेका झाडापाशी थांबून नाक मुरडलं. फांगळ्यापाशी आल्यावर मात्र लुगड्याला हात पुसला आणि चार पानं खुडली. तिच्याशी बोलायचं नव्हतं म्हणून मी टॉवेल तोंडात कोंबला, नाहीतर ओरडलेच असते. पुढच्या रविवारी पडवी भरली, आणि कपबशी परत निघाली.

इथे गप्प बसायची अक्कल मला हवी होती. पण शिकलेल्या माणसाने काही ओळखलं की ते लिहून लावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. तोवर मी हायस्कुलात शिकवू लागले होते, वर्गाला झाडं दाखवायची होती. डब्याचा पत्रा कापून मी प्रत्येक झाडाला नावाची पाटी लावली, आणि फांगळ्याच्या पाटीवर एक ओळ जास्त लिहिली: पाय मुरगळल्यास उपयोगी. आतेला वाचता येत नव्हतं. पण वाडीतल्या प्रत्येक घरचा कोणीतरी मुंबईला होता, आणि त्याची पत्रं वाचता यावीत म्हणून बाकी सगळी वाडी वाचायला शिकली होती.

दोन रविवारांत पडवी ओस पडली. लोक परड्याच्या दगडी गडग्यावरून हात घालून पाला न्यायला लागले. नारळही वाचला आणि पडवीत ताटकळत बसायचा जाचही गेला. आते पुन्हा वाटी घेऊन शेवटी बसली. मला माझीच इतकी लाज वाटली की त्या दिवशी भिंग उचलून ट्रंकेच्या तळाशी टाकलं.

मग मी विज्ञानाच्या पदवीधराने करू नये ते केलं. एका दुपारी वाडी घोरत असताना ती ओळ फांगळ्याच्या पाटीवरून खरवडली आणि रानतुळशीच्या पाटीवर लिहिली. विचारणाऱ्याला सांगितलं, "आधी माझीच चूक झाली. ह्या खरा." फांगळ्याचं पान तळहाताएवढं, रानतुळशीचं त्याच्या पावपटही नाही. पण पाटीवर लिहिलंय म्हटल्यावर पानाकडे बघतो कोण?

रानतुळशीने कुणाच्या पायाची सूज ओसरेना. ओसरणार तरी कशी? घरी पाला वाटणाऱ्याला दुसऱ्याच दिवशी धावायचं असे, आणि सात दिवस थांब म्हणून दटावणारं तिथे कुणी नव्हतं. पहिली परत आली ती शेजारची काकी, जिने फांगळा निम्मा ओरबाडला होता. "पाटयेचा काय खरा नाय गो. तुझोच हात व्हयो," ती आतेला म्हणाली, हातात नारळ. आतेने तिला बराच वेळ ताटकळत ठेवलं आणि आधी चहा प्यायली, कपबशीतून, फुंकर मारत.

संध्याकाळी तिने मला न्हाणीच्या मागे बोलावलं.

"माका वाचूक येणा नाय," ती म्हणाली. "पण खंयच्या पाटयेर ओळी जास्त, ता दिसता."

तिने एक पान खुडलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी बोटं मिटली.

"आता ह्या तुझा. कोणाक सांगू नको."

मी सांगितलं नाही. आते गेली, आईवडील गेले, तुळशीचं कूळ मी वर्गामागून वर्गांना शिकवलं, पण ते पान कुणाला दाखवलं नाही. तुम्हालाही नाही. झाड त्याच कुळातलं आहे आणि वर्षानुवर्षं टिकतं, एवढं खरं. फांगळा जरूर लावा, वर लिहिलंय तसाच येतो. पाय मुरगळला तर मात्र त्याच्या वाटेला जाऊ नका. ती ओळ मी तुमच्यासाठीही भलत्याच झाडावर सरकवून ठेवली आहे.