सायरन बंद, पंखा चालू

फेडरवर माझं बोट होतं आणि तिसऱ्या रांगेत माझी बायको. फेडर म्हणजे मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी. हिरोचा मोठा सीन सुरू होता आणि सायरन फुल पाहिजे असं बजावलेलं होतं.

मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत एका नाटक कंपनीचा साऊंड ऑपरेटर. आमच्याकडे आवाज गावाच्या वेशीपर्यंत गेला नाही तर नाटक झालं असं कोणी मानत नाही. म्हणून लग्नाच्या चौदा वर्षांत सुषमानं माझं एकही नाटक पाहिलं नव्हतं. ती ऑटिस्टिक आहे. सिंदेवाहीला ती भाताचं बियाणं तपासायचं काम करते; त्यात दुसऱ्या जातीचा एक दाणा असला तरी ती नजरेनं टिपते, पण हळदीकुंकवाच्या गलक्यातून अर्ध्या तासात घरी येते.

यंदाचं नाटक नेमकं एका ऑटिस्टिक पोरावर होतं, हिरो तोच. भाऊ, म्हणजे कंपनीचे मालक, दिग्दर्शक आणि नाटकात हिरोचे बाप, सगळं तेच. ते म्हणाले, वहिनीला तालमीला आण, तिनं पास केलं की आपण बिनधास्त. सुषमा लगेच हो म्हणाली, घाबरलो मी. ही मध्येच उठून गेली तर माझं काम तिला पुन्हा कधी दाखवता येणार नव्हतं.

ती आली ती लाकूड कापायच्या आरामशीनवरच्या माणसांसारखे केशरी इअरमफ लावून. दोन अंक शांत बसली. मग पोराच्या डोक्यातला कल्लोळ दाखवायला सायरन, ढगांचा गडगडाट आणि वर एको. तिचे हात हलायला लागले. मी गुपचूप आवाज निम्म्यावर आणला.

भाऊंनी तालीम थांबवली. "काऊन बे दिलीप, आवाज कुठी गेला?"

मी दोष वायरवर ढकलणार तेवढ्यात सुषमा उठली.

"त्यायनं माझ्यासाठी कमी केला. मी सांगतलं होतं का?" मग भाऊंकडे वळली. "सायरनचा नाई एवढा त्रास होत मले. तो येते आन् जाते. हा वरचा पंखा कवाचा कटकट करून राह्यला, तो कोनाले ऐकूच नाई येत."

चौदा वर्षं मी आवाजाचा धंदा करतो आणि तो पंखा मलाही ऐकू आला नव्हता. लाजच वाटली.

पोराला काय ऐकू येत असेल ते बघू म्हणून भाऊंनी पंख्याला माईक लावायला सांगितलं. दुसरा माईक मी भांडी घासणाऱ्या बाईंजवळ ठेवला, तिसरा मेकअपच्या खोलीत, जिथे कुजबुज चालू होती. तिन्ही थोडे थोडे, फुल कोणीच नाही. सायरन बंद. सीन पुन्हा सुरू केला आणि दोन मिनिटांत भाऊ स्वतःचं वाक्य विसरले. प्रॉम्प्टरनं तीनदा ओरडून सांगितलं तरी त्यांना सापडेना.

"बंद कर बे, डोकं फिरलं," ते म्हणाले.

सुषमा त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

आता शेवट राहिला. स्क्रिप्टमध्ये आई मिठी मारते आणि पोरगा जागच्या जागी बरा होतो.

"बरा कायनं झाला? त्याले ताप होता का?" सुषमानं विचारलं.

भाऊंचं म्हणणं, पब्लिकला रडायला पाहिजे. अर्धा तास दोघं भांडले. मी मध्ये पडलो नाही. शेवटी मिठी गेली. आई उठते, पंख्याचं बटन बंद करते आणि पोराच्या शेजारी बसते. मी सगळे फेडर एकदम खाली आणतो.

पहिला प्रयोग पोंभुर्ण्याजवळच्या एका गावात झाला. पंखा थांबला आणि त्या शांततेत पुढच्या रांगांतून नाक ओढल्याचे आवाज आले. भाऊंना हवं ते रडं मिळालं. सुषमा मिक्सरजवळ माझ्या शेजारी पडदा पडेपर्यंत बसली होती. मला भरून आलं, पण पडद्याचं संगीत सोडायचं होतं.

फेडर आपल्या हातात असला तरी किती आवाज सोसतो ते ज्याचे कान त्यालाच विचारावं, एवढं मी यातून शिकलो. मग घरातलंही विचारून घेतलं. सुषमानं यादीच लिहून दिली. पहिल्या नंबरावर माझं फुरके मारत चहा पिणं. तेव्हापासून मी चहा अंगणात पितो.